तीन बूथ, नव्वद नावं : निवडणुकीच्या सर्व्हेत फिरलेला आठवडा

"आमच्या दारात तर आजवर कुणी आलं नाही बुवा विचारायला." निवडणुकीच्या सर्व्हेचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. मार्च २०२४ पर्यंत मीही तेच म्हणत होते. मग लोकसभेच्या तोंडावर एका सर्व्हे कंपनीसाठी सोलापूर मतदारसंघात सात दिवस दारोदार फिरले. आता कुणी हे वाक्य म्हटलं की मनात येतं, आलेही असेन मी, तुम्हीच घरी नसाल.

अभ्यासिकेतल्या दोघीतिघी अधूनमधून विचारतात, काम कसं असतं, पैसे खरंच मिळतात का, अनोळखी घरात जायची भीती वाटते का. म्हणून जमेल तितकं तारखेनिशी लिहून ठेवते आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही, करारात तशी अट आहे.

१६ मार्चला निवडणूक जाहीर झाली. देशात सात टप्पे, महाराष्ट्रात पाच, आणि आमचं सोलापूर तिसऱ्या टप्प्यात, ७ मे. तीन दिवसांनी अभ्यासिकेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला : फील्ड इन्व्हेस्टिगेटर पाहिजेत, पदवीधर, तेलुगू किंवा कन्नड समजणाऱ्यांना आणि मुलींना प्राधान्य. माझं एमए राज्यशास्त्रात. लहानपण तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या शेजारात गेलेलं, त्यामुळे तेलुगू बोलता बेताची येते, पण समजते सगळी. अभ्यासिकेची तीन महिन्यांची फी थकली होती, हे खरं कारण.

कागदपत्रं साधीच : आधार, पॅन, पासबुकची झेरॉक्स, पदवीचं गुणपत्रक, दोन फोटो. करार चार पानांचा, इंग्रजीतला. सगळे शेवटच्या पानावर सह्या करत होते. मी खाली बसून वाचला तेव्हा कळलं की १७० रुपये 'मंजूर' फॉर्ममागे मिळणार, भरलेल्या फॉर्ममागे नाही. शिवाय रोजचा प्रवासखर्च २५०. पैसे काम संपल्यावर ४५ दिवसांत. ट्रेनिंगचे शून्य, फक्त जेवण. तुम्ही असं काम घेणार असाल तर 'मंजूर' या शब्दावर बोट ठेवून आधीच विचारा की मंजूर कोण करतं आणि नामंजूर झालं तर कळवतात का. मी विचारलं नाही, त्याची किंमत पुढे मोजली.

२८ मार्चला स्टेशनजवळच्या एका लॉजच्या हॉलमध्ये ट्रेनिंग. आम्ही चौदा जण, शिकवणारे सर दिल्लीचे, हिंदीत बोलणारे. मला वाटलं होतं प्रश्नावली समजावतील आणि सोडतील. अर्धा दिवस गेला तो फक्त एका गोष्टीत : विचारायचं कुणाला.

तर ते असं. मतदारसंघातले काही बूथ आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले असतात. प्रत्येक बूथच्या मतदार यादीतून तीस नावं काढायची. समजा यादीत १,०४० मतदार आहेत. त्याला ३० ने भागलं की ३४ येतात. मग १ ते ३४ मधला एक आकडा यदृच्छेने घ्यायचा. माझ्या पहिल्या बूथला १७ आला. म्हणजे यादीतला १७ वा मतदार, मग ५१ वा, ८५ वा, ११९ वा, असं शेवटपर्यंत. नाव निघालं की तोच माणूस. त्याचा भाऊ नाही, बायको नाही, शेजारचे हौशी काका तर नाहीतच. घरी नसेल तर परत जायचं, आणि तीनदा जाऊनही भेटला नाही तरच सोडायचा.

सर म्हणाले, पानटपरीवर उभे राहिलात तर तासाभरात दहा फॉर्म होतील. पण ते दहाही पुरुष असतील, दहाही त्या वेळी रिकामे असतील, आणि दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत सगळे पहिल्याचं ऐकून बोलतील. हजारभर माणसं नीट निवडली तर साधारण तीन टक्के इकडेतिकडे एवढ्या अंतरात अंदाज बसतो, आणि टपरीवर पन्नास हजार गाठली तरी त्याची खात्री नाही. हे मी एमएला वाचलं होतं, पेपरातही लिहिलं होतं. उन्हात तिसऱ्यांदा तोच जिना चढताना त्याचा अर्थ समजला.

दुसऱ्या दिवशी सराव. आपसातच मुलाखती घ्यायच्या होत्या. मी समोरच्या मुलाला विचारलं, "महागाई वाढलीये ना?" सरांनी तिथंच थांबवलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण तो 'ना' बरोबर ऐकू गेला. असा 'ना' लावला की समोरच्याला हो म्हणावंसं वाटतं. तो 'ना' जिभेवरून जायला मला पुढचे दोन दिवस लागले. दुसरी खोड म्हणजे उत्तर ऐकून 'बरोबर आहे' म्हणण्याची. आपण सौजन्य म्हणून म्हणतो, आणि माणूस पुढची उत्तरं आपल्याला खूश करायला द्यायला लागतो. त्याऐवजी नुसतं 'बरं' म्हणा.

बरोबर काय दिलं? एक टॅब, ओळखपत्र, कंपनीचं पत्र, उत्तरांचे पर्याय छापलेली कार्डं, आणि पुठ्ठ्याची घडीची पेटी. मत कुणाला देणार हा प्रश्न तोंडी विचारायचा नव्हता. पक्षांची चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका द्यायची, आपण पाठ फिरवायची, त्यांनी शिक्का मारून घडी घालून पेटीत टाकायची. रात्री पेटी न उघडता तशीच सुपरवायझरकडे द्यायची. बाकीचे चाळीसएक प्रश्न टॅबवर. मुलाखत रेकॉर्ड होते आणि आपण कुठे उभे आहोत तेही टॅबला कळत असतं.

३० तारखेला काम सुरू व्हायचं होतं. आम्ही सगळ्यांनी एकसुरात सांगितलं की सर, उद्या रंगपंचमी आहे, सोलापुरात उद्या कुणी दार उघडणार नाही आणि उघडलंच तर तुमचा टॅब निळा होऊन येईल. सुट्टी मिळाली. ती मी सत्कारणी लावली. निवडलेली तीस नावं कंपनी देते, पण मी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तिन्ही बूथच्या पूर्ण याद्या उतरवून घेतल्या आणि दोन रुपये पानाने प्रिंट काढल्या. ही माझ्या मते सगळ्यात कामाची टीप. कारण यादीत घर क्रमांकाच्या जागी पुष्कळदा शून्य असतो किंवा नुसती रेघ. आपल्या नावाच्या वरची आणि खालची चार-चार नावं माहीत असली की 'अमक्यांच्या शेजारी' असं विचारत जाता येतं.

३१ मार्च, रविवार, साखर पेठ. पहिलं दार सकाळी साडेआठला वाजवलं. नळाला पाणी आलं होतं. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त पाणीसाठा संपलेला, शहरात पाणी चार-पाच दिवसांआड. अशा सकाळी सर्व्हेवाल्या बाईला कोण उभं करतं? "ताई, पाणी हाय, नंतर या की वो." दुसरं दार, तेच. तिसऱ्या दारी मी टॅब बाजूला ठेवला आणि दोन घागरी आत नेऊन दिल्या, त्यावर मला बसायला मिळालं. हे ट्रेनिंगमध्ये बसतं की नाही माहीत नाही. तेव्हापासून कुठल्याही भागात जाण्याआधी पाण्याची वेळ विचारून घेते.

पहिल्या दिवशी हाती लागले सहा फॉर्म. दोन नावं वारलेली निघाली. एक मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, नाव अजून माहेरच्या यादीत. एका घरच्यांनी मुलगा पुण्याला असतो म्हणून सांगितलं आणि मलाच विचारलं, त्याचं नाव तिकडं कसं लावायचं? एका काकूंचा रोजा होता, "इफ्तारी के बाद आओ बेटा." सातनंतर गेले तर खजूर, सरबत आणि मुलाखत, तिन्ही मिळालं. नाही म्हणणारे त्या बूथवर एकूण तिघंच भेटले. माणूस मिळणं अवघड आहे. मिळाल्यावर बोलतो, बहुतेकदा आपल्याला हवं त्यापेक्षा जास्त.

आणि नवरे. बायकोचं नाव यादीत निघालं, ती समोर बसली, पहिला प्रश्न विचारला की उत्तर आतल्या खोलीतून यायचं. "तिला काय कळतंय, मला विचारा." यावर मी एक युक्ती काढली. यादी दाखवायची, "दादा, इथं यांचंच नाव आलंय, संगणकानं काढलंय, मी बदलू शकत नाही." संगणकाचं नाव काढलं की माणसं ऐकतात. मग म्हणायचं, "दादा, ऊन फार आहे, थोडं पाणी मिळेल का?" ते पाण्याला गेले की मतपत्रिका पुढे करायची. आणखी एक : उत्तर माहीत नसणं बायका लगेच कबूल करतात, पुरुष करत नाहीत. त्यामुळे 'सांगता येत नाही' हा पर्याय बायकांच्या फॉर्मात जास्त दिसतो. ज्ञान कुणाला जास्त, हे त्यावरून ठरवू नये.

प्रश्नावलीतली एक गंमत सांगते, त्या वेळी गंमत वाटली नव्हती. २०१९ च्या विधानसभेला मत कुणाला दिलं, असा प्रश्न होता. काका म्हणाले, धनुष्यबाण. टॅबवर दोन शिवसेना, शिंदे आणि ठाकरे. २०१९ ला शिवसेना एकच होती हो! पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदेंकडे गेलं ते फेब्रुवारी २०२३ ला. ठाकरेंना मशाल मिळाली त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२२ ला. राष्ट्रवादीची तीच तऱ्हा, घड्याळ अजित पवारांकडे गेलेलं आणि शरद पवारांची तुतारी तर त्या वेळी जेमतेम सव्वा महिन्याची. मी काकांना विचारलं, कुठली शिवसेना? ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो तवा एकच होती की!" चूक माझ्या टॅबची होती आणि वेड्यात मी निघत होते. सुपरवायझरला फोन केला तर म्हणाले, 'इतर' दाबा आणि पुढे चला. संध्याकाळी कळलं, प्रत्येक जण आपापल्या मनाने काहीतरी वेगळंच दाबत होता.

आता माझी चूक. १ एप्रिल, दुपारचे अडीच, त्याच पेठेतलं एक घर, तिसरा मजला. यादीतला मुलगा तेवीस वर्षांचा, यंत्रमागावर दिवसपाळीला गेलेला. माझी दुसरी खेप. त्याचा मोठा भाऊ मात्र घरी, गप्पिष्ट, "बसा ताई, मलाच विचारा, आमचं सगळ्यांचं एकच मत." डोकं भणभणत होतं. मी बसले. भावाला विचारलं आणि फॉर्म त्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या नावावर भरला. वय टाकताना बोट क्षणभर थांबलं होतं, नाही असं नाही.

कंपनीत बॅकचेक नावाचा प्रकार असतो. ऑफिसातून कुणीतरी काही लोकांना फोन करतं, तुमच्याकडे कुणी आलं होतं का, तुमचं वय काय, दोन-तीन प्रश्न पुन्हा. ३ तारखेला दुपारी सुपरवायझरांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, फोनवरचा माणूस एकतीस वर्षांचा आहे, तुमच्या फॉर्मात तेवीस लिहिलंय. तो फॉर्म बाद, आणि आता त्या बूथचे तुमचे सगळे फॉर्म आम्ही ऐकणार. एकोणीस फॉर्मांचे पैसे अधांतरी. त्या रात्री साडेआठला पुन्हा तोच जिना. मुलगा नुकताच येऊन जेवायला बसला होता. अंगावर, केसांत, भुवयांवर सुताची पांढरी कणी. त्याने ताट बाजूला सरकवलं, पंचवीस मिनिटं उत्तरं दिली. भावाने जे जे सांगितलं होतं त्यातल्या निम्म्या प्रश्नांना याची उत्तरं वेगळी. भावाला देशाचं काय होणार याची चिंता, आणि याला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटत होता, पुण्याला जाऊन काम मिळेल का. 'सगळ्यांचं एकच मत' असलेल्या घरात.

योगायोगाने त्याच दिवसांत, २८ मार्च ते ८ एप्रिल, लोकनीती-सीएसडीएस या संस्थेची निवडणूकपूर्व पाहणी देशभर चालू होती. मी त्यात नव्हते, नंतर पेपरात वाचली. १९ राज्यांत १०,०१९ लोकांना विचारलं होतं आणि सगळ्यात मोठा प्रश्न कोणता, याला २७ टक्के बेरोजगारी आणि २३ टक्के महागाई म्हणाले होते. वाचताना मला ताट सरकवणारा तो मुलगा आठवला.

२ आणि ३ एप्रिल कुंभारीत. सोलापूरच्या अक्कलकोट रोडला, विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत. शेजारीच रे नगर, तिथल्या पंधरा हजार घरांचं वाटप १९ जानेवारीला पंतप्रधानांच्या हस्ते झालेलं. सगळी घरं एकसारखी, आणि मी स्कूटी एका गल्लीत लावून तिसऱ्याच गल्लीत शोधत बसायची. पाच ठिकाणी यादीतली मालकीण नव्हतीच, भाडेकरू राहत होते.

तिथली एक मुलाखत मी विसरणार नाही. साठीच्या अक्का, उंबऱ्यात बसलेल्या, मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. मी म्हटलं वेळ आहे का? त्या तेलुगूत म्हणाल्या, वेळ नाही, पण तोंड मोकळं आहे. "कूर्चोम्मा." मी बसले. त्या मराठी प्रश्न ऐकत आणि तेलुगूत उत्तर देत. हात एकदाही थांबला नाही. पान, चिमूटभर तंबाखू, वळकटी, टोकाला दोन बोटांनी दुमड, वर दोऱ्याचे वेढे, आणि विडी सुपात. माझा एक प्रश्न वाचून होईपर्यंत एक विडी. प्रश्न लांबला तर दोन. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे माझ्या चाळीस प्रश्नांची किंमत त्यांच्या सुपात मला समोर दिसत होती.

मतपत्रिका दिली तेव्हा हात थांबला. वाचता येत नव्हतं, पण चिन्हं सगळी ओळखली. सून दारात उभी होती, तिच्याकडे पाठ करून भिंतीशी वळल्या. शिक्का मारला आणि कागदाची घडी घातली ती विडीच्या टोकासारखी, दोन बोटांनी आत दुमडून, घट्ट. कागदावर तंबाखूचा तपकिरी अंगठा उमटला होता. मतपत्रिकेवर ओळख पटेल अशी खूण नको, असा नियम. मी क्षणभर विचारात पडले आणि ती पेटीत टाकू दिली. दुसरी दिली असती तर तिच्यावरही तोच अंगठा आला असता.

सर्वांत अवघड प्रश्न राजकारणाचा नव्हता, जातीचा होता. तो शेवटी असतो. सगळं हसतखेळत चाललेलं असतं आणि तिथं हवा बदलते. 'तुमची जात कोणती' असं थेट विचारण्यापेक्षा 'तुमचा समाज कोणता लिहू' म्हटलं की लोक पटकन सांगतात. त्याहून नाजूक म्हणजे घरचं महिन्याचं उत्पन्न. तिथं कार्ड हातात द्यायचं आणि नुसता नंबर सांगा म्हणायचं.

४, ५, ६ एप्रिल मंगळवेढा तालुक्यातलं एक गाव. सोलापूरहून एसटी, बायकांना निम्मं तिकीट असल्याने तिथं पैसे वाचले. पुढे सहा किलोमीटर वडाप. ऊन एवढं की टॅबने स्क्रीनवर तापल्याची सूचना दाखवून मान टाकली. तो ओल्या रुमालाजवळ पंधरा मिनिटं ठेवला तेव्हा उठला. टॅब पिशवीत ठेवा, हातात मिरवू नका, आणि पॉवरबँक घरून भरून न्या.

गावात शिरताना आधी पोलीस पाटलांना कंपनीचं पत्र दाखवायचं, हे शिकवलं होतं. मी दाखवायला गेले, ते शेतात. म्हटलं एक फॉर्म करून घेऊ. एवढ्यात दोन तरुण मोटरसायकलवरून आले. कुठल्या पक्षाकडून? सर्व्हेला बंदी आहे, माहीत आहे का? एकाने माझ्या ओळखपत्राचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. मी शांतपणे सांगितलं की बंदी आहे ती एक्झिट पोल दाखवायला, १९ एप्रिलच्या सकाळी ७ पासून १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत, आणि मतदान संपायच्या आधीचे ४८ तास टीव्हीवर ओपिनियन पोलही दाखवता येत नाही. आज ४ एप्रिल आहे. अर्धं त्यांना पटलं, अर्धं नाही. शेवटी अंगणवाडीच्या ताईंनी सोडवलं. त्याच गावच्या बीएलओ, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या, यादीतला माणूस न् माणूस त्यांना पाठ. पुढचे तीन दिवस त्यांच्या ओट्यावर माझी पाण्याची बाटली भरली गेली. गावात कुणी एक ओळखीचं करायचं असेल तर बीएलओ. मात्र मुलाखतीला त्यांना शेजारी बसवू नका, गावातलं माणूस समोर असलं की उत्तर बदलतं.

लोकांचा गोंधळ वेगळाच होता. जानेवारीअखेर मागासवर्ग आयोगाचं मराठा आरक्षणासाठीचं सर्वेक्षण घरोघरी होऊन गेलेलं. "आवं झालं की मागं सगळं लिवून. आता आनि काय?" एक आजी दाखला आणायला आत गेल्या. मी निवडणुकीचं म्हणाले तेव्हा त्यांना हायसं वाटलं आणि जरा निराशाही झाली. दाखला निघेल असं त्यांना वाटलं होतं.

इथं लोक पाण्यावर आणि कांद्यावर बोलत. कांद्याची निर्यातबंदी ३१ मार्चला उठेल म्हणून माणसं थांबली होती, ती आठवडाभर आधी पुढे वाढवली होती. एका शेतकऱ्याने सरकारच्या कामावर समाधानी आहात का, या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. उठले, आतून बाजार समितीची कांदापट्टी आणून माझ्या हातात दिली. वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि खाली हातात पडलेली रक्कम. "ह्येचं काय ते दाबा त्यात." टॅबवर पर्याय चार : पूर्ण समाधानी, काहीसे समाधानी, काहीसे असमाधानी, पूर्ण असमाधानी. मी नियमाप्रमाणे चारही वाचून दाखवले. ते म्हणाले, शेवटचं. मग जरा थांबून, "पर मत त्याच्यावर न्हाई द्यायचं मी. ते येगळं." आणि मतपत्रिका घेऊन गोठ्याकडे गेले.

तीच मतपत्रिका आणखी एका आजोबांनी खूप वेळ न्याहाळली. सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच छापलेली, म्हणून तिच्यावर तुतारीही होती. आमच्या मतदारसंघात लढत कमळ आणि पंजाची, तुतारी शेजारच्या माढ्यात. "ही आपल्याकडं हाय का?" आजोबांनी विचारलं. मी सांगायचं नव्हतं. म्हटलं, आजोबा, उद्या मतदान असतं तर कुठं शिक्का मारला असता, तिथं मारा. त्यांनी कुठे मारला मला माहीत नाही, पण परत देताना खूश दिसले. ते मत नंतर कशात मोजलं असेल, हा प्रश्न मी सुपरवायझरला विचारला. ते म्हणाले, ऑफिसात बघतात.

६ तारखेला रात्री टॅब, पेटी आणि शिल्लक कार्डं जमा केली. हिशेब असा : साखर पेठेत १९, कुंभारीत २१, गावात २३, एकूण ६३ फॉर्म. नव्वदातली उरलेली सत्तावीस नावं वारलेली, गाव सोडून गेलेली, न सापडलेली आणि पाच जण नाही म्हणालेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चौदा तास झोपले. ९ तारखेला गुढीपाडवा.

घरात, गल्लीत, अभ्यासिकेत एकच प्रश्न : काय म्हणतंय, कोण येणार? मला खरंच माहीत नव्हतं. पेट्या मी उघडल्या नव्हत्या, आणि उघडल्या असत्या तरी ६३ चिठ्ठ्यांवरून मतदारसंघाचं काही सांगता येत नाही. हे कुणाला पटेना. मामा म्हणाला, सांगायचं नाही म्हणून सांग. आमच्या कंपनीचा अहवाल कुणी मागवला होता, हेही आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. टीव्हीवर तो कधी दिसला नाही. असे कितीतरी सर्व्हे पक्षांसाठी, उमेदवारांसाठी होतात आणि कपाटात जातात, एवढं सुपरवायझर बोलून गेले.

७ मेला मत दिलं. १ जूनला संध्याकाळी एक्झिट पोल सुरू झाले तेव्हा मी टीव्हीसमोर आकड्यांपेक्षा खालची बारीक अक्षरं वाचत होते, किती माणसं, कधी विचारली, कशी निवडली. बहुतेक ठिकाणी ते वाचण्याआधीच पाटी बदलायची. बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं. ४ जूनला निकाल लागला, २९३. महाराष्ट्रात ४८ पैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. सोलापूरला प्रणिती शिंदे सुमारे ७४ हजारांनी निवडून आल्या. संध्याकाळी मामाचा फोन आला, "तुला माहीत होतं बघ!"

पैसे ४५ दिवसांत मिळणार होते, ७६ व्या दिवशी मिळाले, पाच वेळा मेसेज केल्यावर. ६३ गुणिले १७० म्हणजे १०,७१०, अधिक सात दिवसांचे १,७५०, एकूण १२,४६०. साखर पेठेचे फॉर्म ऐकून मंजूर झाले होते, बाद झालेला एक सोडून, आणि त्याच्या जागी रात्री भरलेला धरला होता. माझा खर्च पेट्रोल, एसटी, वडाप, प्रिंट आणि लिंबू सरबत धरून दोन हजारांच्या आत. अभ्यासिकेची फी भरली आणि वर एक चांगली टोपी घेतली, जी आधीच घ्यायला हवी होती.

ऑक्टोबरमध्ये विधानसभा जाहीर झाली आणि दोनच दिवसांनी त्याच सुपरवायझरांचा फोन. येणार का? फॉर्ममागे २०० देऊ. मी विचारलं, सर, ते २०१९ च्या प्रश्नात शिवसेना एकच केलीत का? ते जरा थांबले.

"बघून सांगतो," म्हणाले.